घाटात गाडी तापू नये म्हणून...

मे महिन्यातील टळटळीत दुपार. कसारा किंवा खंबाटकी घाटाच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आणि शेजारी सावली शोधत बसलेले कुटुंब, हे दृश्य महाराष्ट्रातील प्रवाशांना नवे नाही. अँबॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळात तर डिकीत पाण्याचा कॅन ठेवल्याशिवाय घाटाची वाट धरली जात नसे. आजच्या गाड्या सहसा तापत नाहीत. मात्र त्यामुळेच बॉनेटखालच्या एका लहानशा टाकीकडे पाहण्याची सवय सुटली आहे. ही टाकी कूलंटची. तिच्याकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत कधी कधी संपूर्ण इंजिन उघडून मोजावी लागते.

इंधन जळताना सिलिंडरमधील वायूंचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी चालविण्यासाठी उपयोगी पडतो. उरलेली बरीचशी उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या धातूत शिरते. ही उष्णता वाहून नेण्याचे काम कूलंट करते. पंपाच्या साह्याने ते इंजिनातून फिरते, रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. या प्रवाहात खंड पडला, तर ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट जळते आणि दुरुस्तीचा खर्च हजारोंच्या घरात जातो.

साधे पाणी का नको?

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल हे मुख्य द्रव्य असते. त्याचे व पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. हा गुण लडाखला निघालेल्यांच्या कामाचा. नागपूर किंवा सोलापूरच्या वाहनधारकांसाठी महत्त्वाचे आहेत ते त्याचे अन्य दोन गुण. पहिला म्हणजे हे मिश्रण पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब निर्माण होतो आणि उकळण्याचा बिंदू १२० अंशांच्याही पुढे सरकतो. दुसरा गुण म्हणजे त्यातील गंजरोधक द्रव्ये. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि गंज आतून धातू पोखरतो.

मात्र, ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा समजही चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असते, म्हणूनच मिश्रणाचे प्रमाण सांभाळावे लागते. बाजारात थेट ओतता येणारे आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळून वापरायचे, असे दोन्ही प्रकार मिळतात. खरेदीपूर्वी लेबल वाचावे. हिरवा, गुलाबी, नारिंगी असे रंग सर्व कंपन्यांत एकाच अर्थाने वापरले जात नाहीत. त्यामुळे रंगावर न जाता गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच प्रकार घ्यावा.

तपासणी दोन मिनिटांची

पातळी पाहण्याची योग्य वेळ सकाळची. गाडी सपाट जागेवर आणि इंजिन पूर्ण थंड असावे. अर्धपारदर्शक टाकीवर किमान व कमाल पातळीच्या दोन खुणा असतात. द्रव त्यांच्या दरम्यान हवा. जुन्या टाकीवर डागाचे वर्तुळ उमटलेले असते आणि टाकी रिकामी असूनही ते पातळीसारखे भासते. अशा वेळी टॉर्च लावून गाडी किंचित हलवावी. खरा द्रव हिंदकळतो, डाग हलत नाही.

पातळी कमी असल्यास झाकणावर जाड फडके ठेवून ते हळूहळू सैल करावे आणि कमाल खुणेच्या खालपर्यंतच कूलंट भरावे. तापल्यावर ते प्रसरण पावते, त्यासाठी जागा लागते. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतंत्र झाकण आहे, तेथे टाकी कोरडी आढळल्यास रेडिएटरमधील पातळीही थंड अवस्थेतच पाहावी.

गाडी तापलीच तर...

तापमानाचा काटा चढू लागताच एसी बंद करावा, सुरक्षित जागी गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. झाकण उघडण्याची घाई मात्र मुळीच करू नये. दाब अचानक सुटला, की उकळते द्रव वाफेसह उसळून चेहरा आणि हात भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांतील विजेचा पंखा अचानक फिरू लागतो, हेही ध्यानात ठेवावे. कूलंट हाताशी नसल्यास पिण्याचे स्वच्छ पाणी चालते, पण ते इंजिन निवल्यावरच ओतावे. थंड पाण्याच्या धक्क्याने तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. हा उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच समजावा.

सर्वांत महत्त्वाची बाब पुढेच आहे. कूलंटचा मार्ग बंदिस्त असतो. ते इंधनासारखे खर्च होत नाही. दर काही आठवड्यांनी भर घालावी लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे हे नक्की. पार्किंगच्या जागी रंगीत डाग, केबिनमध्ये गोडसर वास, सायलेन्सरमधून सतत निघणारा पांढरा धूर किंवा ऑइलला आलेला दुधाळ रंग, ही त्याची लक्षणे. वारंवार पाणी ओतत राहिल्यास मूळ दोष झाकला जातो आणि उरलेले कूलंटही पातळ होत जाते.

सांडलेले कूलंट तत्काळ पुसून घ्यावे. चवीला गोड असले तरी ते विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात. उरलेली बाटली मुलांच्या हाती लागणार नाही, अशी ठेवावी. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणूनही हा विषय संपत नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड राखण्यासाठी कूलंटच फिरते, मात्र तेथे कंपनीने सांगितल्याखेरीज स्वतः काही ओतू नये.

सुट्टीवर निघताना टायरमधील हवा पाहिली जाते, टाकी फुल्ल केली जाते. त्यासोबत बॉनेट उघडून दोन मिनिटे खर्च केली, तर घाटातील मुक्काम टळू शकतो.