बाळं वाचवायला देश श्रीमंतच लागतो का?

आजच्या एपिसोडमध्ये एकच आकडा समजून घेऊया: अर्भक मृत्युदर. म्हणजे जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी किती बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावतात.

आपल्याला वाटतं, देशात पैसा आला की हा आकडा आपोआप खाली येतो. साधारणपणे येतोही. पण आज दोन देश शेजारी ठेवून बघू.

पहिला, आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी. १९९०च्या दशकात तिथे समुद्रात भरपूर तेल सापडलं. २००८च्या सुमारास दरडोई उत्पन्न पोलंडपेक्षाही जास्त झालं. तरीही तेव्हा तिथली हजारातली ६०हून जास्त बाळं वर्षाच्या आत जात होती. दुसरा देश श्रीलंका. उत्पन्न त्याच्या कितीतरी पट कमी, आणि हा आकडा फक्त १०च्या आसपास!

मग तेलाचा पैसा गेला कुठे? गिनीत १९७९पासून एकच माणूस सत्तेवर आहे, तेओदोरो ओबियांग. २०१७ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने त्यांच्या मुलाला, म्हणजे देशाच्या उपराष्ट्राध्यक्षालाच, सरकारी पैसा हडपल्याबद्दल दोषी ठरवलं. निवडणूक हरायची भीतीच नसेल, तर गावातला दवाखाना कोणाला आठवणार?

श्रीलंकेत मात्र १९३१ मध्येच, ब्रिटिश राजवटीत, बायकांसकट सगळ्या प्रौढांना मताचा हक्क मिळाला. मत मागायला येणाऱ्याकडे लोक शाळा आणि दवाखाना मागू लागले. सरकारी उपचार मोफत झाले, शिक्षण मोफत झालं, मलेरिया आटोक्यात आला. प्रशिक्षित सुईण गरोदर बाईच्या घरी जाऊ लागली. १९४६ मध्ये १४०च्या आसपास असलेला दर आज १०च्या खाली आहे. मधे २६ वर्षं यादवी युद्ध चालू होतं, तरी!

हे जमतं, कारण सगळ्यात मोठा धोका पहिल्या महिन्यात असतो आणि त्यावरचे बरेच उपाय स्वस्त आहेत: स्वच्छ बाळंतपण, ऊब, आईचं दूध, धनुर्वाताची लस, वेळेवर औषध. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून हेच करून दाखवलं. यात खरी अडचण मशिनची नसते. दारापर्यंत येणारं माणूस लागतं, आणि त्याचा पगार दर महिन्याला द्यायचा हे सरकारला ठरवावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी जीडीपीची बातमी आली, की त्याच देशाचा हाही आकडा शोधा. पैसा कुठपर्यंत पोचला, ते लगेच कळेल.