अनिलला सगळं कळलं होतं

सीबीएसईच्या दहावीला 'फुटप्रिंट्स विदाउट फीट' हे इंग्रजीचं पूरक पुस्तक आहे. त्यात रस्किन बाँड यांची 'द थीफ्स स्टोरी' आहे. पंधरा वर्षांचा चोर, दर महिन्याला नाव बदलणारा. सध्याचं नाव हरी सिंग. लिहून पोट भरणाऱ्या अनिलकडे तो कामाला राहतो. अनिल त्याला लिहायला शिकवायचं कबूल करतो. एका रात्री हरी गादीखालचे सहाशे रुपये घेऊन पळतो, पण सुटणाऱ्या गाडीत चढत नाही. पावसात भिजून परत येतो आणि पैसे होते तिथे ठेवतो. सकाळी अनिल त्याच्या हातावर पन्नासची नोट ठेवतो. ती अजून ओली असते.

'हरीला शिक्षणाची किंमत कळली' असं गाइड सांगतं. तेवढ्यावर मार्क मिळतात. मी मात्र वर्गात शिकवताना त्या ओल्या नोटेपाशी रेंगाळते. अनिलला चोरी कळली होती, तरी तो बोलला का नाही?

"मॅम, घाबरला असेल," मागून आवाज येतो. "बोलला असता तर हरी पुन्हा पळाला असता," एक मुलगी म्हणते. मी विचारते, कोणत्या ओळीवरून? पुस्तकं भराभर उघडतात. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं आणि त्याला मजकुरातून पुरावा द्यायचा, ही दोन्ही कामं त्या क्षणी एकत्रच होतात. म्हणून सामाजिक-भावनिक शिक्षणासाठी वेगळा तास मागणं मला पटत नाही.

सामाजिक-भावनिक शिक्षणाची कल्पना जगभर पसरवण्यात १९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'कॅसेल' या संस्थेचा मोठा वाटा आहे. स्वतःच्या भावना ओळखणं, त्या सांभाळणं, दुसऱ्याला समजून घेणं, नाती जपणं आणि विचारपूर्वक निर्णय घेणं, अशी पाच अंगं ती मानते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २१३ उपक्रमांचे निकाल एकत्र तपासले होते. त्यांत २ लाख ७० हजारांवर विद्यार्थी होते. वागणुकीत सुधारणा दिसलीच, शिवाय अभ्यासातली कामगिरीही सरासरी ११ पर्सेंटाइलनी वर गेली. वर्गशिक्षकांनी स्वतः राबवलेले उपक्रमही चांगले परिणामकारक ठरले. 'पोर्शन कधी संपवायचा?' असं विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

चर्चेनंतर मी त्या सकाळची अनिलची डायरी लिहायला देते. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने लिहिलं होतं, 'आय ॲम नॉट अँग्री. आय ॲम टायर्ड ऑफ लॉकिंग थिंग्ज.' कथेत हे कुठेच नाही, पण अनिलच्या तोंडी अगदी शोभतं. इंग्रजी अडलं तर आधी मराठीत बोला, असं मी सांगते. मन मोकळं झालं की वाक्य जुळवायला सोपं जातं.

एक पथ्य मी कटाक्षाने पाळते. 'तू कधी चोरी केलीस का?' असं वर्गात कुणालाच विचारायचं नाही. प्रश्न हरीबद्दल आणि अनिलबद्दल. पंधराव्या वर्षी पात्राच्या आडून बोलता आलं की मुलं कितीतरी खरं बोलतात. कधी वहीत घरातली मारहाण किंवा जगणं नकोसं झाल्याचं उतरतं. तेव्हा लाल पेन बाजूला ठेवून त्या मुलाशी एकांतात बोलायचं, आणि त्याच दिवशी शाळेच्या समुपदेशकांना गाठायचं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आमच्या फळ्याशेजारी कायम लावलेला असतो.

मार्क मी फक्त भाषेला देते. अनिलवर चिडलेल्या मुलालाही पैकीच्या पैकी मिळू शकतात.