पुढच्या अंकाची वाट

१९८६ साली माझी बदली बार्शीच्या शाखेत झाली. शाखेचे हेड कॅशियर निवृत्तीला टेकले होते. नोटा मोजताना कधी मान वर न करणारा हा माणूस पोस्टमन दारात आला, की मात्र काउंटरवरून टाचा उंचावून बघायचा. एकदा न राहवून विचारलं, ‘काका, कुणाचं पत्र यायचंय?’

‘पत्र नाही साहेब, अंक. रेल्वे मॅगझिन. लंडनहून येतं.’

बोटीनं येणारा तो अंक अडीच-तीन महिने उशिरा हातात पडे. मला मौज वाटली. एवढ्या शिळ्या अंकाची एवढी वाट कशाला? ते म्हणाले, ‘मागच्या अंकात एकानं एका आकड्यावर शंका काढलीय. त्याला उत्तर यायचंय.’

ते उत्तर कशाचं होतं, हे समजायला मला त्यांच्याकडचे जुने अंक वाचावे लागले. आणि मग मीही पोस्टमनकडे बघू लागलो.

‘द रेल्वे मॅगझिन’चा पहिला अंक जुलै १८९७ मध्ये लंडनमध्ये निघाला. त्याच वर्षी इकडे कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. ती उभारणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. इथला अनुभव गाठीशी बांधून त्यांनी पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच छोटी रेल्वे घडवली. ती १९०४ साली सुरू झाली आणि ३० वर्षांनी बंद पडली. बार्शीची आपली गाडी त्या मासिकाच्या वाचकांना परकी का नव्हती, ते यावरून कळेल.

या मासिकात १९०१ पासून एक सदर चालू झालं. इंजिनांच्या कामगिरीचं. ते लिहीत चार्ल्स रूस-मार्टेन. न्यूझीलंडमध्ये पत्रकारिता करून लंडनला आलेले गृहस्थ. काम एकच. हातात स्टॉपवॉच घेऊन खिडकीशी बसायचं आणि रुळांच्या कडेला दर पाव मैलावर असलेला खांब मागे गेला, की वेळ टिपायची.

९ मे १९०४ रोजी ते प्लिमथहून लंडनला जाणाऱ्या टपालगाडीत बसले होते. अमेरिकेहून बोटीनं आलेलं टपाल घेऊन ग्रेट वेस्टर्न कंपनीची गाडी धावत होती. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनच्या उतारावर एक पाव मैल ८.८ सेकंदांत गेला. हिशेब मांडा. ताशी १०२.३ मैल! तोवर ब्रिटनमधल्या कुठल्याही आगगाडीच्या नावावर असा वेग नोंदलेला नव्हता.

पण हा आकडा लगेच छापून आला नाही. एवढ्या वेगाची बातमी वाचून उतारू घाबरतील, अशी कंपनीला धास्ती होती. शिवाय प्लिमथच्या वाहतुकीसाठी दोन कंपन्यांत चुरस होती. पुढे १ जुलै १९०६ रोजी दुसऱ्या कंपनीची प्लिमथहून निघालेली गाडी सॅलिसबरीच्या वळणावर भरधाव वेगामुळे उलटली आणि २८ माणसं दगावली. धास्ती काही खोटी नव्हती.

रूस-मार्टेन यांनी १९०५ साली आकडा दिला, पण कंपनीचं आणि इंजिनाचं नाव न सांगता. मासिकात सविस्तर हकिकत यायला १९०७ चा डिसेंबर उजाडला. इंजिनाचं नाव त्यांनी १९०८ मध्ये सांगितलं: ‘सिटी ऑफ ट्रुरो’. त्याच वर्षी ते वारले. आणि खुद्द कंपनीनं या वेगाला दुजोरा दिला तो १९२२ साली. म्हणजे वाचकांनी १८ वर्षं वाट पाहिली!

बरं, एवढ्यानं वाद मिटला का? छे. घड्याळाचा काटा सेकंदाच्या पाचव्या हिश्शानं पुढे सरकणारा. बोट तेवढं चुकलं आणि ८.८ ऐवजी ९ सेकंद धरले, तर वेग नेमका १०० भरतो. ९.२ धरले, तर शंभराच्या खाली! एका माणसाच्या अंगठ्यावर किती विश्वास ठेवायचा? यावर पत्रं, उलट पत्रं, इंजिनाची ताकद आणि उताराचं गणित असं कितीतरी छापून आलं. वेग मोजणारा खास डबा जोडून १०० मैलांची निर्विवाद नोंद झाली ती ३० नोव्हेंबर १९३४ रोजी, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाची. जुना वाद मात्र त्यानंतरही चालूच राहिला.

रूस-मार्टेन यांच्यानंतर लवकरच हे सदर सेसिल जे. ॲलन यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते १९५८ पर्यंत लिहिलं. पोटापाण्यासाठी ते रेल्वेचे रूळ तपासत. त्यांच्यामागून आलेले ओ. एस. नॉक सिग्नलचे इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा अंक दोन महिन्यांतून एकदा निघू लागला. पण निघत राहिला. आजही निघतो.

मी बँकेतला माणूस. दिवसाअखेर दहा पैशांचा फरक आला, तर रात्री नऊपर्यंत ताळा लावत बसलेलो. दहा पैसे खिशातून टाकून घरी जाता आलं असतं. तसं कुणी करत नसे. त्यामुळे ही वाट पाहणारी मंडळी मला ओळखीची वाटली. पाव सेकंदानं कुणाचं काही अडत नाही. पण लिहिलेलं खरं असावं आणि चुकलं असेल तर पुढच्या अंकात दुरुस्त व्हावं, एवढाच त्यांचा हट्ट.

आमच्या हेड कॅशियरनाही तो हट्ट होता. दर रविवारी ते कुर्डुवाडीला जात. जाताना आणि येताना प्रत्येक स्टेशनाची वेळ, इंजिनाचा नंबर, डबे, झालेला उशीर आणि त्याचं कारण वहीत टिपत. अशा अकरा वह्या मी पाहिल्या होत्या. ‘कुठं पाठवत का नाही?’ मी विचारलं. ‘अजून ताळा लागायचाय, साहेब,’ ते म्हणाले.

पुढे माझी बदली झाली. आता बार्शीवरून ब्रॉडगेजची गाडी धावते. काही वर्षांपूर्वी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. काका वारले होते. मुलानं चहा दिला. वह्यांचं विचारलं, तेव्हा तो खजील झाला. घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या. मासिकं मात्र त्यानं नीट बांधून ठेवली होती. इंग्रजी होती ना!

मी त्याला काय बोलणार? त्या मासिकांच्या प्रती जगात कितीतरी ठिकाणी असतील. अकरा वह्यांची प्रत एकच होती. आपल्याही घरात माळ्यावर कुणा स्टेशनमास्तर आजोबांची वही असेल, जुनं वेळापत्रक असेल. ताळा लागायची वाट पाहू नका. आधी ती खाली काढा.