घंटेआधीचा निरोप

लंडन : इंग्लंडातल्या एखाद्या गावात रात्री अकराच्या सुमारास घरातून किंचाळण्याचा आवाज येतो. भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी ९९९ फिरवतो. पोलीस येतात, नवऱ्याला घेऊन जातात, बाईचा जबाब लिहून घेतात. वरच्या खोलीत पांघरुणात डोकं खुपसून पडलेल्या लेकराचं नावही त्याच कागदावर लिहिलं जातं, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा होण्याआधी त्या लेकराच्या शाळेत पोलिसांचा निरोप जातो : काल रात्री याच्या घरी मारहाण झाली, मूल घरातच होतं.

हा निरोप शाळेतल्या सगळ्यांना मिळत नाही. या कामाचं शिक्षण घेतलेला एक शिक्षक ठरलेला असतो, त्याच्याकडेच तो जातो. मुलाला कोपऱ्यात घेऊन ‘काल काय झालं?’ असं विचारायचं नसतं. गृहपाठ झाला नाही म्हणून ओरडायचं नाही, गणवेश मळका दिसला तर टोकायचं नाही. पोटात काही नसेल तर खायला द्यायचं, डोळे मिटत असतील तर शांत जागी बसू द्यायचं. मूल आपणहून बोललं, तर ऐकायचं.

‘ऑपरेशन एन्कम्पास’ नावाची ही योजना २०११ साली प्लिमथ या बंदराच्या शहरात सुरू झाली. सुरू करणारं जोडपं होतं डेव्हिड आणि एलिझाबेथ कार्नी-हॉवर्थ. तो पोलीस खात्यात, ती शाळेची मुख्याध्यापिका. पोलिसांना रात्री जे कळतं ते शिक्षकाला सकाळी ठाऊक नसतं, एवढीच उणीव त्यांच्या ध्यानात आली. ती भरून काढायला नवं खातं लागलं नाही की मोठी इमारत लागली नाही. पुढे इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या पोलीस दलांनी ही पद्धत उचलली, आणि २०२४ च्या कायद्यात तिच्यासाठी कलमही आलं. त्याआधी २०२१ च्या घरगुती अत्याचारविरोधी कायद्याने एक मोलाची गोष्ट केली होती. घरातली मारहाण पाहणारं, ऐकणारं, तिचा परिणाम भोगणारं मूल हे साक्षीदार नसून स्वतःच पीडित आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला हे वाचून वाटेल, साहेबांचा देश, तिथे सगळं आधीपासूनच असणार. तसं नाही.

१८७८ साली फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईंनी इंग्लंडातल्या बायकांच्या छळावर लेख लिहिला. शीर्षकातच त्यांनी ‘छळ’ हा शब्द घातला, कारण ‘मारहाण’ म्हटलं की लोक हसण्यावारी नेत. त्याच वर्षी कायदा झाला आणि बेदम मारणाऱ्या नवऱ्याला शिक्षा झाल्यास बायकोला वेगळं राहण्याची परवानगी मॅजिस्ट्रेट देऊ लागला. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क इथे मिळाला तो १८८२ साली.

आणि १८८२ सालीच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून छापून निघालं. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत नोकरीला. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं. ताराबाईंच्या हाती लेखणी आली ती सुरतेच्या एका खटल्यामुळे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखल उडवून घेतला होता. ताराबाईंनी विचारलं ते थोडक्यात असं : गुन्हा दिसला, पण तिला तिथवर ढकलणारे कुठे गेले? पुनर्विवाहाला बंदी घालणारे कोण, आणि फसवून नामानिराळे राहणारे कोण?

या पुस्तकावर इतकी झोड उठली की जोतीराव फुल्यांना ताराबाईंची बाजू घेऊन लिहावं लागलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन या इंग्रज इतिहासकार बाईंनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बुलढाण्यातल्या घरात बसून लिहिलेला हा मजकूर आज इंग्लंडातल्या विद्यापीठांत वाचायला मिळतो. जिल्ह्यातल्या शाळांत तो किती वाचला जातो, हे शिक्षकांनीच सांगावं.

ताराबाईंचा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात पोचायला आणखी शंभर वर्षं लागली. पंजाबातून लग्न होऊन इथे आलेल्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. १९८९ च्या एका रात्री तो झोपलेला असताना त्यांनी त्याला पेटवलं. तो मेला, त्यांना जन्मठेप झाली. लंडनच्या साउथॉल भागात १९७९ पासून काम करणाऱ्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या बायकांच्या संस्थेने हा खटला उचलून धरला. दहा वर्षांचा मार जमेस न धरता एका रात्रीचा न्याय कसा होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९२ साली किरणजीत सुटल्या. ऐश्वर्या रायचा ‘प्रोव्होक्ड’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. विजयालक्ष्मीला मात्र अशा बहिणी मिळाल्या नव्हत्या.

मुलांच्या बाबतीत तर इंग्लंडचा इतिहास आणखी मान खाली घालायला लावणारा आहे. जनावरांचा छळ थांबवणारी संस्था इथे १८२४ साली निघाली, मुलांसाठीची पहिली लिव्हरपूलला १८८३ साली. मधली साठ वर्षं घोड्याला वाली होता, लेकराला नव्हता. १८८५ साली डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने लंडनमध्ये अल्पवयीन मुली कशा विकत मिळतात ते दाखवण्यासाठी पाच पौंडांत एक मुलगी ‘खरेदी’ केली आणि ती हकीकत छापली. देश हादरला, आणि संमतीचं वय तेरावरून सोळावर आलं. स्टेडलाही तुरुंगात जावं लागलं, कारण मुलीच्या बापाची परवानगी त्याने घेतली नव्हती. बापाच्या परवानगीवर त्या काळच्या कायद्याचं किती अडत होतं, ते यातून दिसतं.

बुलढाण्यातल्या वाचकाला सर्वांत जास्त नवल वाटेल ते पुढच्या गोष्टीचं. भारतात मुलीच्या लग्नाचं वय १८ झालं १९७८ साली. इंग्लंडमध्ये आईबापांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न लावता येत होतं, ते २७ फेब्रुवारी २०२३ पर्यंत! ज्या संमतीने मुलीचं रक्षण व्हायचं, तीच संमती तिच्या गळ्याचा फास होत होती. आता अठराच्या आत लग्न लावून देणं हा गुन्हा आहे. मशिदीत, गुरुद्वाऱ्यात किंवा घरच्या घरी केलेला विधीसुद्धा त्यात धरला जातो, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते.

जबरदस्तीच्या लग्नासाठी मुलींना सुट्टीच्या नावाखाली पाकिस्तानात, बांगलादेशात, भारतात नेलं जातं. २००५ पासून सरकारचं एक खास पथक हीच प्रकरणं पाहतं. जसविंदर संघेरा यांनी १९९३ साली सुरू केलेली ‘कर्म निर्वाण’ संस्था अशा मुलींना एक युक्ती सांगत असे : आतल्या कपड्यात चमचा लपव. विमानतळावर यंत्र वाजेल, तपासणीला तुला एकटीला बाजूला नेतील, घरचे सोबत नसतील, तेव्हा बोल. सबंध विमानतळावर त्या मुलीला बोलता येईल अशी जागा तेवढीच.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ही म्हण मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. इथल्या यंत्रणेने ते दाबलेलं तोंडही हिशेबात धरलं आहे. मोबाइलवरून ९९९ लावून बोलता येत नसेल, तर ५५ दाबायचं. बाईला आवाज काढणं शक्य नाही हे तेवढ्यावरून ओळखलं जातं आणि फोन पोलिसांकडे जोडला जातो. जानेवारी २०२१ मध्ये, टाळेबंदीत, औषधाच्या दुकानांत ‘अ‍ॅनी’ हा परवलीचा शब्द आला. काउंटरवर तेवढं नाव विचारलं की औषधवाला आतल्या खोलीत नेई आणि फोन लावून देई.

सोयरीक जुळवताना आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात : शेती किती, नोकरी पक्की का, पितो का. इथे ती चौकशी पोलिसांकडे करता येते. सॅल्फर्डच्या क्लेअर वुडचा २००९ साली आधीच्या मित्राने खून केला. त्याने पूर्वी इतर बायकांनाही मारलं होतं. पोलीस दप्तरी ते होतं, क्लेअरला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी लढा दिला. २०१४ पासून कुणीही बाई आपल्या जोडीदाराचा असा इतिहास आहे का, हे पोलिसांना विचारू शकते.

एवढं असूनही आकडे भयंकर आहेत. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये सोळा वर्षांवरील सुमारे २३ लाख लोकांनी घरगुती अत्याचार सोसला, त्यात १६ लाख बायका. माणसांच्या व्यापाराचे आणि आधुनिक गुलामीचे संशयित बळी म्हणून २०२४ साली १९,१२५ जणांची नावं सरकारी यंत्रणेकडे आली. त्यांत सर्वाधिक कुठले होते? ब्रिटनचेच. शहरातल्या टोळ्या शाळकरी पोरांना अमली पदार्थ देऊन आगगाडीने लहान गावांत पाठवतात. असं पोरगं सापडलं, तर त्याच्याकडे आधी व्यापाराचा बळी म्हणून पाहावं, असा प्रयत्न २०१५ च्या कायद्यानंतर चालू आहे. माणसाचा व्यापार व्हायला समुद्र ओलांडावा लागत नाही, हे मलकापूर-नांदुरा-शेगावच्या फलाटांवरून रोज मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकटं लेकरू नव्या ‘काका’सोबत गाडीत चढतं, ते पहिल्यांदा चहावाल्यालाच दिसतं. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक त्याच्यासाठीही आहे.

आणि इंग्लंडात निरोप पोचूनही मुलं मरतात. वोकिंगच्या दहा वर्षांच्या सारा शरीफच्या चेहऱ्यावरचे वळ शाळेने मार्च २०२३ मध्ये पाहिले आणि समाजसेवा खात्याला कळवलेही. खात्याने काही दिवसांत फाइल बंद केली. एप्रिलमध्ये बापाने ‘घरीच शिकवतो’ म्हणून नाव काढलं आणि तिला रोज पाहणारे परके डोळे संपले. ऑगस्टमध्ये तिचा मृतदेह सापडला. बाप आणि सावत्र आई डिसेंबर २०२४ मध्ये खुनासाठी दोषी ठरले. मुलांना मारायला स्कॉटलंडने २०२० साली आणि वेल्सने २०२२ साली पूर्ण बंदी घातली. साराच्या इंग्लंडमध्ये त्या वेळी ‘वाजवी शिक्षे’ची पळवाट उघडीच होती.

लग्न होऊन इथे येणाऱ्या मराठी मुलींसाठी आणखी एक पेच आहे. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, पासपोर्ट सासूच्या कपाटात, आणि व्हिसाची अट असते की सरकारी मदत मिळणार नाही. घराबाहेर पडावं तर निवाऱ्यात जागा मिळणंही अवघड. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा इथला कायमचा रहिवासी असेल, तर मार खाणाऱ्या बायकोला तीन महिने सरकारी आधार मिळतो आणि स्वतःच्या नावावर कायम राहण्याचा अर्ज करता येतो. नवरा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर २०२४ पासून ते तीन महिने मिळतात, पण पुढे इथे कायम राहण्याची वाट नाही. आयटीतल्या मुलाशी लेकीचं लग्न ठरवणाऱ्या बुलढाण्याच्या, चिखलीच्या, खामगावच्या आईबापांनी हा फरक मुहूर्त काढण्याआधी समजून घ्यावा. आणि ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणताना पासपोर्टची एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

कायद्याच्या कागदावर भारत मागे नाही. पैशाने कोंडी करणं हाही अत्याचारच, हे ब्रिटनच्या कायद्यात २०२१ साली स्पष्ट आलं; आपल्या कायद्यात ते २००५ सालापासूनच आहे. (नवऱ्याने केलेला बलात्कार हा गुन्हा, हे मात्र इथे १९९१ साली मान्य झालं, आपल्या नव्या न्याय संहितेत अजून नाही.) फरक पडतो तो निरोपाच्या वाटेवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी कधी कुणाकडे मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं.

प्लिमथमध्ये पोलीस आणि शिक्षिका एका घरात राहत होते म्हणून निरोपाची वाट सापडली. लोणार, मेहकर किंवा सिंदखेडराजा तालुक्यातल्या गावात पोलीस पाटील, जिल्हा परिषदेचे गुरुजी, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई बहुधा हाकेच्या अंतरावर असतात. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) कायद्यानेच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. मुलीची खरी जन्मतारीख शाळेच्या दाखल खारिज रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. दिवाळीनंतर नववीतली मुलगी यायची बंद होते, ते हजेरीपत्रकात दिसतं. हळदीचा मांडव पडतो तो आखाजीला. मधे पाच-सहा महिने असतात, आणि शाळेपासून ग्रामपंचायत बहुतेक गावांत चालत पाच मिनिटांवर आहे.