एका बिअरसाठी अमेरिकेतले लोक डोंगरापर्यंत का जायचे?

गोव्याला फिरायला गेलेली पोरं परत येताना बॅगेत दोन-चार बाटल्या टाकतात आणि इन्सुलीचा नाका जवळ आला की सगळी गाडी गप्प होते. गोव्याचा कर वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा, आणि परवाना नसेल तर तिकडची बाटली इकडं आणणं गुन्हा. आपल्याकडं हे स्वस्त मिळते म्हणून चालतं. अमेरिकेत मात्र एक काळ असा होता की एका साध्या बिअरसाठी लोक हाच उद्योग करायचे, आणि तोही जास्तीचे पैसे मोजून. त्या बिअरचं नाव कूर्स.

कोलोरॅडो राज्यात डोंगराच्या पायथ्याशी गोल्डन नावाचं छोटं शहर आहे. जर्मनीहून आलेल्या अडॉल्फ कूर्स यांनी 1873 मध्ये एका भागीदाराबरोबर तिथं कारखाना काढला. पुढं दारूबंदी आली. त्या काळात कंपनी माल्टेड दूध पावडर आणि चिनी मातीच्या वस्तू विकून तगली. 1933 मध्ये देशाची दारूबंदी उठली, पण दारूचे नियम ज्या-त्या राज्याच्या हातात गेले. म्हणजे आपल्यासारखंच, राज्य बदललं की कायदा बदलला.

आता ही बिअर मिळत का नव्हती? दूध डेअरीला घालणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. बहुतेक कंपन्या बिअर गरम करून, म्हणजे पाश्चराइज करून विकायच्या. अशी बिअर उन्हातान्हात कुठंही पाठवली तरी चालते. कूर्सनं 1959 मध्ये हे बंद केलं. बिअर तापवायची नाही, बारीक गाळून जंतू काढायचे आणि कारखान्यापासून दुकानापर्यंत थंडच ठेवायची. कच्चं दूध बल्क कूलरमधून थंड टँकरनं जातं तसंच. साखळी कुठं तुटली की माल गेला. त्यात कारखाना एकच, गोल्डनचा. त्यामुळं 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कूर्स फक्त पश्चिमेकडच्या 11 राज्यांत विकली जायची. बार्लीसुद्धा कंपनी स्वतःचं बी देऊन, करार करून शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यायची.

पूर्वेकडच्या माणसाला हे कूलरचं गणित ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक की ही बिअर आपल्याकडं मिळत नाही. झालं! सुट्टीला कोलोरॅडोत गेलेला माणूस येताना गाडीची डिकी भरून आणू लागला. जेराल्ड फोर्ड कोलोरॅडोतल्या बर्फात खेळायला जायचे, तेही परतताना ही बिअर सोबत आणत. खुद्द राष्ट्राध्यक्षच आणतो म्हटल्यावर बाकीच्यांनी काय मागं राहायचं?

यावर 1977 मध्ये चक्क सिनेमा निघाला, 'स्मोकी अँड द बँडिट'. बर्ट रेनॉल्ड्स हिरो. पैज अशी की टेक्सासमधून कूर्सचे 400 बॉक्स उचलायचे आणि 28 तासांत जॉर्जिया राज्यात आणायचे. पुढं काळी गाडी, मागं ट्रक आणि त्यांच्या मागं पोलीस, एवढीच गोष्ट. सिनेमा तुफान चालला. आज साठी-सत्तरी ओलांडलेले अमेरिकन कूर्सची आठवण काढतात, ती बहुतेक अशीच असते : कुणी आणली, कशी लपवली, किती जणांत वाटून घेतली. चवीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खरं तर ती हलकी, पातळ बिअर. तिच्याहून कडक बिअर कुठंही मिळत होती.

आठवणीत एक गोष्ट मात्र येत नाही. तो सिनेमा मे महिन्यात लागला, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात गोल्डनच्या कारखान्यातले कामगार संपावर गेले होते. नोकरी मागायला येणाऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवतात, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. मेक्सिकन वंशाच्या लोकांना कामावर घेताना भेदभाव होतो, म्हणून त्या समाजाचा बहिष्कार तर आधीपासूनच होता. कामगार संघटनांचा बहिष्कार 1987 पर्यंत चालला. म्हणजे एकीकडं लोक रात्रभर गाडी हाणून हीच बिअर आणत होते, आणि दुसरीकडं ज्यांच्या गावात ती सहज मिळत होती, त्यातले कित्येक जण तिला हात लावत नव्हते.

कंपनीनं पुढं एकेक राज्य घेतलं. 1991 पर्यंत कूर्स अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पोचली. धंदा वाढला, पण डिकीतून आणायचं कारण संपलं. 2005 मध्ये कंपनी कॅनडाच्या मोल्सनमध्ये मिळाली.

ज्या जॉर्जियात ती आणण्यासाठी सिनेमात एवढी पळापळ झाली, तिथं आज ती पेट्रोल पंपाच्या दुकानात, फ्रिजमध्ये इतर डझनभर बिअरच्या शेजारी ठेवलेली असते.