माझी बोली वऱ्हाडी

‘बारा कोसांवर भाषा बदलते’ असे मोठी माणसे म्हणतात. आपले मलकापूर तर वऱ्हाडाच्या पश्चिमेच्या दारातच आहे. पुढे मुक्ताईनगर लागले की खानदेश सुरू होतो. आपली बोली वऱ्हाडी. पुष्कळ लोक तिला ‘अशुद्ध’ म्हणतात. पण तिलाही नियम आहेत. ते मी आज सांगणार आहे.

पहिला नियम ‘ळ’ चा. आपण ‘ळ’ च्या जागी ‘य’ म्हणतो. डोळा – डोया, काळा – काया, पोळी – पोयी. माझी आजी नळगंगेला ‘नयगंगा’च म्हणते. पण ‘लाल’ ला कोणी ‘याय’ म्हणत नाही! म्हणजे ‘ळ’ बदलतो, ‘ल’ बदलत नाही. नुसती चूक असती तर ती इतकी नेमकी झाली असती का?

दुसरा नियम : ‘ला’ चे ‘ले’ होते. मला – मले, तुला – तुले, घराला – घराले.

तिसरा नियम : शब्दाच्या सुरुवातीच्या ‘वि’ चा ‘इ’ होतो. विहीर – इहीर, विचार – इचार. म्हणून आपल्याकडे ‘आंधी पोटोबा, मंग इठोबा’.

चौथा नियम : ‘तो जात आहे’ हे आपण ‘तो जाऊन रायला’ असे म्हणतो. हिंदीतल्या ‘जा रहा है’ सारखेच हे झाले. हिंदी मुलूख आपल्या शेजारी आहे. शिवाय १९०३ ते १९५६ पर्यंत वऱ्हाडचा कारभार नागपूरहून हिंदी मुलखाबरोबरच चालत होता.

आता शब्द पाहू. पुस्तकात ‘शेत’, आपले ‘वावर’. पुस्तकात ‘बांध’, आपला ‘धुरा’. पश्चिम महाराष्ट्रात कुळव असतो, आपल्याकडे वखर. तिकडे कोळपे, इकडे डवरा. तिकडे खुरपणी, इकडे निंदण. कपाशीच्या झाडाला आपण पऱ्हाटी म्हणतो. कापूस वेचायला सुरुवात करताना वावरात पूजा करून दहीभात ठेवतात, ती ‘सीतादही’. शेवटची वेचणी होऊन वावर मोकळे झाले की ‘उलंगवाडी’. या दोन शब्दांत कापसाचा सगळा हंगाम आला. हे शब्द गेले तर त्यांच्याबरोबर ती रीतही विसरली जाईल.

आपल्या बोलीला मोठ्या लोकांनी मान दिला आहे. ग्रिअर्सन साहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीची नोंद आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतली माणसे वऱ्हाडीच बोलतात. गो. नी. दांडेकरांचे ‘पूर्णामायची लेकरं’ या बोलीत आहे, आणि ती पूर्णामाय म्हणजे आपलीच पूर्णा नदी. विठ्ठल वाघ यांच्या ‘काया मातीत मातीत’ या कवितेच्या नावातच आपला ‘य’ बसला आहे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या घरच्या बोलीतच गाणी रचत. त्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले आणि साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले.

तरी आपण लाजतो. माझा चुलतभाऊ बाहेरगावी शिकायला गेला. पहिल्याच दिवशी तो ‘मले पुस्तक नाही भेटलं’ असे म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर सहा महिने त्याने वर्गात तोंड उघडले नाही. उत्तर येत असूनही तो हात वर करायचा नाही. हसणाऱ्यांचे काही गेले नाही, पण त्याचे वर्ष गेले. आमच्या पालक सभेतही किती तरी आया मागे बसतात. “माह्यं बोलनं गावठी हाये, मी काय बोलू?” असे म्हणतात. मग त्यांच्या मनातला प्रश्न मनातच राहतो.

पुस्तकातली मराठीही आपल्याला आलीच पाहिजे. कोल्हापूरच्या मुलाने लिहिलेले गडचिरोलीच्या मुलाला समजावे, म्हणून सगळ्यांची एक लिहिण्याची भाषा लागते. पेपरात ‘मला’ लिहावे, घरी ‘मले’ म्हणावे. आपण वावरात जाताना वेगळे कपडे घालतो आणि लग्नाला वेगळे. त्यात वावराचे कपडे वाईट ठरत नाहीत.

मित्रांनो, कोणी ‘मले’ म्हणाले तर हसू नका. घरी आजी-आजोबांना जुने शब्द विचारा आणि वहीत अर्थासह लिहून ठेवा. आणि पालकहो, तुमी सभेत आपल्या बोलीतच बोला. आमाले समदं समजते. या लेखाशेजारी एक कोरा कागद लावला आहे. जाताना त्यावर तुमच्या घरचा एक तरी शब्द लिहून जा.

– इयत्ता सातवी