खुबा बदलल्यानंतरच्या रात्री

खुब्याचा सांधा बदलून रुग्ण घरी परततो तेव्हा त्याच्या हाती जो कागद दिला जातो, त्यात टाके केव्हा काढावयाचे, वॉकर किती दिवस वापरावयाचा, रक्त पातळ ठेवणारी गोळी किती मुदतीपर्यंत घ्यावयाची, इत्यादी बाबींची तपशीलवार नोंद असते. परंतु रात्री दिवा मालवल्यापासून पहाटे दूधवाल्याची हाक ऐकू येईपर्यंतचा जो प्रदीर्घ काळ त्याला बिछान्यावर काढावयाचा असतो, त्याविषयी बहुधा एकच ओळ असते, आणि ती म्हणजे ‘दोन्ही पायांमध्ये उशी ठेवणे’. वस्तुतः पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाची सर्वांत मोठी तक्रार झोपेचीच असते. ज्या जुन्या दुखण्याने वर्षानुवर्षे रात्री नासवल्या ते दुखणे तर हाडाच्या झिजलेल्या गोळ्याबरोबर निघून गेलेले असते, पाऊल दिवसेंदिवस सुधारत असते, पाहुणे तोंडभर कौतुक करीत असतात, आणि तरीही माणूस मध्यरात्री छताच्या पंख्याकडे पाहत पडलेला असतो. मग आपल्यातच काही उणे आहे की काय, अशी शंका त्याच्या मनात घर करते. ती शंका निराधार आहे, आणि त्या जागरणाची कारणे एक एक करून वेगळी काढता येण्यासारखी आहेत, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

मांडीच्या हाडाचा वाटोळा गोळा आणि कमरेच्या हाडातील खोलगट वाटी यांच्या जागी कृत्रिम भाग बसविण्याची विद्या टिकाऊ स्वरूपात रूढ केली ती इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातल्या राइटिंग्टन इस्पितळाच्या जॉन चार्न्ली यांनी. त्यांनी प्रथम वापरलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या अल्पावधीतच झिजल्या, पुष्कळ रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग ओढवला, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी अधिक चिवट अशा पॉलिथिलीनची वाटी बसविली तेव्हा कोठे या उपचाराला स्थैर्य आले. आपल्याकडे हा म्हातारपणाचा उपचार समजला जातो, ते अर्धेच खरे आहे. पडून मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या आजीबाई या शस्त्रक्रियेला सामोऱ्या जातात, तसेच गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने तो ढासळलेले ऐन तिशी-चाळिशीतले लोकही जातात; दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे व अतिमद्यपान ही त्याची ठळक कारणे, आणि विदर्भात व नंदुरबारच्या बाजूला जो सिकलसेलचा आजार आढळतो तोही त्यांपैकीच एक. तेव्हा या रात्री केवळ वृद्धांच्या वाट्याला येतात असे नव्हे.

शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन झाली, संपूर्ण भूल दिलीच नव्हती, मग झोप का बिघडावी, असा प्रश्न पुष्कळजण करतात. त्याचे उत्तर असे की, शरीराला भुलेपेक्षा जखमेची खबर अधिक लागते. हाड कापले गेले, स्नायू बाजूस सारले गेले, रक्त गेले, की शरीर एखाद्या स्वारीच्या वेळी किल्ल्याने करावा तसा बंदोबस्त करते. दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात उतरतात, ताणाची संप्रेरके वाढतात, आणि त्या धामधुमीत झोपेची नेहमीची घडी विसकटते. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी निद्रेची जी एक अवस्था जगापुढे मांडली, जीत बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात आणि बहुतेक ठसठशीत स्वप्ने पडतात, ती अवस्था मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एकदोन रात्री जवळजवळ लुप्त होते व पुढे थकबाकी वसूल करावी तशी उसळून येते. घरी आल्यावर आठवडाभरात भलती, भयंकर, घामाघूम करणारी स्वप्ने पडू लागली तर त्याचा उगम पुष्कळदा येथे असतो. कोणाची दृष्ट लागलेली नसते. त्यात अफूवर्गीय वेदनाशामके स्वतः गुंगी आणतात, पण गाढ निद्रा मात्र हिरावून घेतात, आणि मळमळ थांबविण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेले स्टेरॉइड एखाददुसरी रात्र टक्क जागे ठेवू शकते.

हे सर्व काही दिवसांत ओसरते. जे ओसरत नाही, आणि ज्याची तसदी अनेकांना वेदनेहूनही अधिक वाटते, ते म्हणजे उताणे निजणे. जन्मभर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसाला दीड-दोन महिने पाठीवर पडून राहण्याचे फर्मान सुटते. ते निष्कारण नसते. खुब्याकडे मागील बाजूने छेद घेऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर मांडी कमरेशी काटकोनापेक्षा अधिक दुमडणे, पाय दुसऱ्या पायावर आडवा टाकणे आणि पायाचा पंजा आतल्या बाजूस वळविणे या तीन हालचालींनी नवा गोळा वाटीतून निखळण्याची भीती असते, आणि गाढ झोपेत कुशीवर वळणारा माणूस या तिन्ही गोष्टी नकळत करून बसतो. पुढील बाजूने छेद घेतलेला असल्यास बंधने निराळी असतात, आणि कित्येक सर्जन त्या पद्धतीत फारशी बंधने घालीतच नाहीत. म्हणून आपला छेद कोणत्या बाजूचा, हे रुग्णाने इस्पितळ सोडण्यापूर्वी विचारून घ्यावे. शेजारच्या काकांना जे चालले ते आपल्यालाही चालेल, हा कायदा येथे लागू नाही.

उताणे निजण्याचेही एक तंत्र आहे. गुडघ्याखाली जाड लोड ठेवून पाय सतत वाकवून ठेवण्याचा मोह होतो, त्याने तात्पुरता आराम वाटतो खरा, परंतु खुब्याचे पुढचे स्नायू आखडतात; त्यापेक्षा दोन्ही मांड्यांमध्ये रुंद, घट्ट उशी आणि टाच किंचित उचलली जाईल अशी पोटरीखाली घडी, एवढे पुरते. सर्जनने परवानगी दिल्यावर शस्त्रक्रिया न झालेल्या कुशीवर वळावयाचे ते दुसऱ्याच्या मदतीने, खांदे, कंबर व पाय एकदम, ओंडका फिरावा तसे. आणि उशी केवळ गुडघ्यांमध्ये नव्हे, तर मांडीपासून घोट्यापर्यंत भरून असली पाहिजे, नाही तर गुडघा उचललेला आणि पाऊल खाली लोंबलेले अशी स्थिती होऊन मांडी आतच वळते. मऊ कापसाची उशी पहाटेपर्यंत चपटी होते. जुन्या घरांत दिवाणखान्यातला तक्क्या असतो तो या कामी अधिक उपयोगी. जमिनीवर गादी घालून निजण्याची सवय कितीही प्रिय असली तरी ती या काळात सर्वस्वी वर्ज्य, कारण उठताना मांडी काटकोनापलीकडे दुमडल्यावाचून राहत नाही. पलंग इतका उंच हवा की कडेवर बसल्यावर गुडघे कमरेच्या किंचित खाली राहावेत. बेताचा असेल तर पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घालून तो उचलता येतो. घोरणाऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निद्रेत श्वास अडखळण्याचा विकार उताणे पडल्याने वाढतो, आणि अफूवर्गीय औषध पोटात असताना तो धोक्याचाही ठरतो. अशांनी ही हकिकत सर्जनच्या कानावर घालून पलंगाची उशाकडची बाजू उचलण्याची तजवीज करून घ्यावी.

वेदना रात्री अधिक का वाटते, याचे कारण केवळ एकांत नव्हे. दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकावर असते, आणि न हललेला सांधा व सुजलेली मांडी ताठरत जातात. म्हणून वेदनाशामकाच्या वेळा जेवणाच्या वेळांना न बांधता रात्रीला बांधाव्यात. माझ्या परिचयाचे एक निवृत्त अव्वल कारकून आहेत, ज्यांची हयात मामलेदार कचेरीत गेली. त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रींची चक्क रोजकीर्द ठेवली होती. जाग केव्हा आली, वेदनेने आली, लघवीने आली की कशानेच नाही, गोळी केव्हा घेतली, हे सर्व त्यांच्या वळणदार अक्षरात नमूद. ती वही सर्जनपुढे जाताच असे दिसून आले की त्यांची पहाटेची जाग संध्याकाळच्या गोळीचा अंमल संपण्याच्या वेळेशी जुळत होती. ते सवयीने सात वाजता जेवून गोळी घेत आणि दहाला निजत. सर्जनने ती गोळी निजण्यापूर्वी अर्ध्या-पाऊण तासावर आणली, मात्रा तीच ठेवली, आणि त्यांच्या नोंदी कंटाळवाण्या होत गेल्या. झोपेच्या वहीला यापरते यश नाही. याच जोडीला, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे मांडीवर ठेवावा, आणि फिजिओथेरपीचा कष्टाचा भाग सकाळी उरकून संध्याकाळी केवळ घोटे वरखाली करण्याचा हलका व्यायाम ठेवावा.

लघवीसाठी उठणे हे जाग येण्याचे दुसरे कारण, आणि पडण्याच्या दृष्टीने अधिक चिंतेचे. पाणी दिवसा भरपूर व सूर्यास्तानंतर बेताने प्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांस विचारावे. पलंगाशेजारी भांडे अथवा कमोडची खुर्ची ठेवण्यात संकोच मानू नये, आणि पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी यांना घरातून तात्पुरती रजा द्यावी.

झोपेच्या गोळीचे नाव एव्हाना कोणी तरी काढलेले असतेच. अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये असून चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई आहे, हे बरेच झाले, कारण ती ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर घेतल्यास श्वसन मंदावते आणि मध्यरात्री वॉकर धरून उठलेल्या माणसाचा तोल जातो. नवा खुबा घेऊन पडण्यापेक्षा एक रात्र जागून काढणे कितीतरी स्वस्त. घरगुती उपायांतही तारतम्य हवे. दुधात जायफळाची चिमूट घालण्यास हरकत नाही. परंतु झोप येईना म्हणून चिमटीचा चमचा केल्यास छातीत धडधड व भ्रम होऊ शकतो. तेल लावून पोटरी रगडण्याचा आग्रह धरणाऱ्या मावशींना तर नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असल्यास ती चोळण्याने सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

रात्रीची व्यवस्था दिवसा होते, हे मात्र फार थोड्या घरांत उमगते. रुग्ण दिवसभर पलंगावर, पडदे ओढलेले, दर दोन तासांनी डुलकी, आणि भेटीस येणाऱ्यांबरोबर चहाचा एकेक पेला, अशा दिनक्रमानंतर रात्री झोप यावी कशी? चहातील कॅफिनचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात शिल्लक असतो. सकाळी गॅलरीत, उंच खुर्चीवर, उजेडात बसणे हे शरीरातील घड्याळ लावण्याचे सर्वांत सोपे साधन आहे. वामकुक्षी अर्ध्या तासाची असावी, आणि पाहुण्यांची वेळ घरातल्या कोणी तरी वाईटपणा घेऊन ठरवावी. आजाऱ्याला भेटण्याची आपली रीत प्रेमळ आहे यात शंका नाही, पण त्याच्याच बिछान्याच्या कडेवर बसून दुसऱ्या कोणाचा सांधा कसा बिघडला याची साद्यंत कैफियत ऐकविण्याने त्या प्रेमाचे चीज होत नाही. झोप आली नाही तर अंथरुणातून उठावे, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. खुब्याच्या रुग्णाने ते शब्दशः न पाळता, जवळ कोणी असेल तर खुर्चीत बसावे, नसेल तर उशाकडचा भाग उचलून रेडिओ मंद आवाजात लावावा, आणि घड्याळाचे तोंड भिंतीकडे करावे.

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांत कधी कधी निराळेच चित्र दिसते. दिवसा नीट बोलणारे आजोबा तिन्हीसांजेनंतर घर ओळखेनासे होतात, दिवंगत भावाला हाका मारतात, सलाइन ओढतात. हे वेड नव्हे, शस्त्रक्रियेनंतरचा तात्पुरता संभ्रम आहे, आणि तो डॉक्टरांस ताबडतोब कळविला पाहिजे, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, क्षारांचे असंतुलन किंवा एखादे औषध असू शकते. तोवर त्यांचा चष्मा व श्रवणयंत्र त्यांच्याजवळ द्यावे, मंद दिवा ठेवावा, आणि ओळखीच्या माणसाने शेजारी बसावे.

काही जागरणे मात्र सहन करण्याची नसतात. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत कळ आली, ताप चढून जखमेतून स्राव येऊ लागला, अथवा कूस बदलताना खुब्यात कळ उठून पाय आखूड दिसू लागला व त्यावर भार देता येईना, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. एरवी बहुतेकांची झोप सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या अवधीत पूर्वपदावर येते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तपासणीस जाल तेव्हा एक्स-रे पाहून झाल्यावर सर्जन उठण्याच्या बेतात असतील. त्यांना थांबवून दोन गोष्टी विचाराव्यात: शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर आता निजता येईल का, आणि मधली उशी आणखी किती दिवस.